दिलगीरबाईंचा आवाज

आमच्या शहरात कुणालाही विचारले तरी दिलगीरबाई दिसायला कशा आहेत हे त्याला सांगता येणार नाही. आवाज मात्र तो लगेच काढून दाखवेल. किंचित नाकातला, संथ, वाक्याच्या शेवटी जिना उतरल्यासारखा खाली येणारा. "प्रवाशांना होणाऱ्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत." शाळेतल्या मुलांपासून न्हाव्याच्या दुकानात पेपर वाचत बसलेल्या म्हाताऱ्यांपर्यंत सगळ्यांना हे वाक्य बाईंच्या चालीत येते. बाईंचे नाव त्यावरूनच पडले. ते त्यांना माहीत होते आणि त्याचा रागही नव्हता. "लोकांनी दिलेलं नाव आहे, भाऊसाहेब," त्या मला म्हणायच्या, "पदवीच म्हणा ना."

मी शहर बससेवेच्या हिशेब खात्यात आहे. माझे टेबल मुख्य बसस्थानकाच्या पहिल्या मजल्यावर जिन्याच्या तोंडाशी, आणि बाईंची खोली त्याच जिन्याखाली. खोली आपली म्हणायची. भिंतींना आवाज घुमू नये म्हणून अंड्यांच्या ट्रेचे पुठ्ठे ठोकलेले, एका बाजूला जाड काच, टेबलावर माइक. माइकला बाईंनी स्वतः विणलेली लोकरीची टोपी, खुर्चीवर स्वतः शिवलेली उशी, शेजारी कोमट पाण्याचा थर्मास. बाई थंड पाणी पीत नाहीत, आंबट खात नाहीत, मोठ्याने हसत नाहीत आणि थंडीच्या दिवसांत मफलर गुंडाळल्याशिवाय नवऱ्याशीही बोलत नाहीत. गळा हे त्यांचे भांडवल होते आणि ते त्यांनी बँकेतल्या ठेवीसारखे जपले होते.

या खोलीतून त्यांचा आवाज शहरातल्या सगळ्या थांब्यांवर जातो. काय बोलायचे ते वाहतूक खात्याकडून चिठ्ठीवर लिहून येते. वाहतूक खात्यात फार पूर्वी होऊन गेलेल्या एका साहेबांचा एक हुकूम अजून पाळला जातो. कुठलीही गाडी कधीही 'रद्द' म्हणायची नाही. रद्द म्हटले की तशी नोंद होते, नोंद झाली की वरून विचारणा होते, विचारणा झाली की उत्तर द्यावे लागते. 'थोड्याच वेळात येत आहे' याला उत्तर द्यावे लागत नाही. त्यामुळे इंजिन उघडून डेपोत पडलेली गाडीसुद्धा आमच्याकडे थोड्याच वेळात येत असते. बाईंना हा हुकूम कुणी दाखवला नव्हता. त्यांच्याकडे यायची ती फक्त चिठ्ठी. त्यांची काच होती प्रवाशांच्या बाकांच्या बाजूला, गाड्या लागतात ती बाजू त्यांना दिसत नव्हती. राहायला त्या स्थानकामागच्या गल्लीत, कामावर यायच्या चालत. बसची वाट बघण्याचा प्रसंग त्यांच्यावर सहसा आलाच नाही.

काचेतून त्यांना एवढेच दिसे की आपण बोललो की सगळे स्थानक मान वर करते. "एवढं शहर, पण मी बोलले की ऐकतं हो," त्या अभिमानाने सांगायच्या. लोक मान वर करत हे खरे आहे. स्पीकरकडे बघून ते जे बोलत ते इथे लिहिण्यासारखे नाही, आणि काच जाड होती.

एवढ्या वर्षांत बाईंना आम्ही कायम केले नव्हते. दर वर्षी नवा करार, दर वर्षी नवी सही. कायम न होता वय झाले तर हातात निवृत्तिवेतन नाही, आणि घरात नवरा गुडघे धरून बसलेला. तो पूर्वी बुटांच्या दुकानात होता, दिवसभर लोकांच्या पायांशी वाकून गुडघे गेले. आता तो टीव्हीसमोर बसतो आणि जगाला शिस्त लावतो. बाईंना कायम करण्याचा प्रस्ताव बससेवेच्या प्रमुखांच्या, म्हणजे मोठ्या साहेबांच्या, कपाटात होता. त्याच सुमारास आमच्या गोदामात एक खोके येऊन पडले. त्यात आपोआप बोलणारे यंत्र होते.

त्या वर्षी महापौराची निवडणूक आली आणि एक भाडेकरूंची वकील उभी राहिली. बस सगळ्यांना फुकट आणि वेळेवर, घरभाडी काही काळ आहे तिथेच गोठवायची, कामावर जाणाऱ्या बायकांसाठी प्रत्येक वस्तीत पाळणाघर, एवढेच तिचे म्हणणे. मोठ्या लोकांनी तिचे नाव 'पोरगी' ठेवले. पोरीच्या कानशिलाजवळचे केस पांढरे व्हायला लागले होते, पण चाळिशीच्या आतल्या बाईला अक्कल नसते हे सांगायची तीच सोपी पद्धत.

सुरुवातीला ते हसले. मग तिच्या सभांना जागा पुरेना, तेव्हा हसू थांबले आणि 'शहर वाचवा समिती' निघाली. ज्यांनी शहरातली तळी बुजवून त्यावर इमारती चढवल्या त्यांनी शहर वाचवायचे मनावर घेतले. त्यांच्या जोडीला हॉटेलमालक, एक निवृत्त न्यायाधीश आणि दोन पेपरांचे संपादक. एका सकाळी पोरगी बाहेरून पैसा आणणारी ठरे, दुसऱ्या सकाळी ती कफल्लक आणि घर चालवायची अक्कल नसलेली. कधी कधी एकाच पानावर दोन्ही. तिचे आजोबा या शहरात जन्मले नव्हते हे समितीने शोधून काढले. समितीच्या अध्यक्षांचे आजोबाही इथे जन्मले नव्हते, पण ते बहुधा मोटारीतून आले असावेत.

आमच्या जेवणाच्या खोलीतही हीच हवा. "फुकट केली तर बसमध्ये कसले कसले लोक चढतील, कल्पना आहे?" असे आमचे एक अधिकारी डबा उघडता उघडता म्हणाले. बससेवेत उभी हयात काढलेल्या या माणसाला मी एकदाही बसमध्ये बघितले नव्हते. "आत्ता कसले चढतात?" मी विचारले. त्यांनी पोळीचा तुकडा मोडला.

मतदानाला थोडे आठवडे उरले असताना मोठ्या साहेबांनी बाईंना वर बोलावले. मलाही बोलावले, कारण एक रक्कम येणार होती आणि ती कुठल्या सदरात धरायची हे त्यांना हवे होते. केबिनमध्ये जाहिरात कंपनीचा एक माणूस बसला होता. पायात मोज्यांशिवाय बूट, हातात गाडीची किल्ली, आणि ती किल्ली तो सारखी बोटाभोवती फिरवत होता.

"बाई, तुम्ही किती मोठ्या आहात हे तुम्हाला माहिती आहे का?" त्याने सुरुवात केली.

"मी?" बाईंनी मफलर सारखा केला.

"आम्ही पाहणी केली. लोकांना आवाज ऐकवले. नट ऐकवले, खेळाडू ऐकवले, पुढारी ऐकवले. ज्याला त्याला चटकन ओळखता आला असा एकच आवाज. तुमचा!"

बाई लाजल्या. वयाच्या मानाने फारच लाजल्या.

"ओळखल्यावर पुढे काय म्हणाले लोक?" मी विचारले. "म्हणजे पाहणीत तसं काही विचारलंत का?"

"काका, पुढे काय विचारायचं? ओळख म्हणजेच विश्वास. आमचं सगळं शास्त्र त्यावर उभं आहे. मी रोज सिग्नलला थांबतो, काच खाली करतो आणि बाईंचा आवाज ऐकतो. किती शांत वाटतं!"

"तुम्ही फक्त सदर सांगा," मोठे साहेब मला म्हणाले.

"इतर उत्पन्न," मी म्हणालो.

जाहिरातवाल्याने बाईंपुढे कागद ठेवला. त्यावर कुणाचे नाव नव्हते, पक्ष नव्हता. 'नागरिकांसाठी सूचना. फुकट बससेवा सुरू झाल्यास गाड्या कमी होतील. भाडी गोठवल्यास घरांची दुरुस्ती बंद होईल. उद्योगधंदे शहर सोडून जातील. विचार करून मत द्या.' समितीने थांब्यांवरची जाहिरातीची वेळ विकत घेतली होती. प्रत्येक घोषणेला ही सूचना जोडायची.

बाईंनी कागद दोनदा वाचला. "हे त्या वकीलबाईंच्या विरुद्ध दिसतं."

"छे हो! कुणाच्याच विरुद्ध नाही," जाहिरातवाला म्हणाला. "पुढे खड्डा आहे, जपून चाला, असं सांगतो ना आपण? तसं."

"साहेब, हे मी वाचायलाच हवं का?"

मोठे साहेब खुर्चीत मागे रेलले. "तुमचा कायमचा प्रस्ताव पडून आहे ना?"

"तुमच्याच कपाटात आहे."

"निवडणूक झाली की सही करतो. आणि ते यंत्र आलंय ना, ते गोदामात आहे तसं गोदामातच राहील."

"आणि नाही वाचलं तर?"

"तर यंत्र वाचेल. त्याला मफलर लागत नाही."

जाहिरातवाला हसला. बाई हसल्या नाहीत. त्यांनी कागद उचलला आणि आम्ही दोघे जिना उतरायला लागलो. मधल्या वळणावर त्या थांबल्या.

"माझं मत त्या पोरीलाच आहे हो, भाऊसाहेब. घरमालकानं आमचं भाडं दोनदा वाढवलंय आणि नळ अजून गळतोच आहे. आणि आता माझ्याच तोंडानं मी तिला पाडायची."

"एवढ्यानं पडेल ती?"

"तुम्हाला नाही कळायचं," बाई म्हणाल्या. "मी बोलले की हे शहर ऐकतं."

मी पुढची पायरी उतरलो. देवळातल्या घंटेला कुणी सांगत नाही की तू फुटकी आहेस.

बाईंनी वाचले, आणि मन लावून वाचले. ध्वनिमुद्रण करणाऱ्याने सांगितले, थोडी काळजी येऊ द्या. काळजी येऊ द्यायला बाईंना काही करावे लागले नाही. नोकरीची काळजी होतीच, पोरीची होती आणि मन दुखत होते त्याचीही. एवढे सुरेल त्यांनी पूर्वी कधी वाचले नव्हते असे मुद्रण करणारा नंतर मला म्हणाला.

ती सूचना मी पहिल्यांदा माझ्या घराजवळच्या थांब्यावर ऐकली. सकाळची वेळ, सात नंबरसाठी रोजचीच मंडळी. एक इस्पितळातली नर्स, टोपली घेऊन मंडईत जाणाऱ्या एक भाजीवाल्या मावशी, दोन-तीन कारकून, कॉलेजची मुले. स्पीकर खरखरला.

"सात नंबरची गाडी थोड्याच वेळात येत आहे. गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. नागरिकांसाठी सूचना. फुकट बससेवा सुरू झाल्यास गाड्या कमी होतील."

 नर्स म्हणाली, "कमी? म्हणजे याहून?"

थांबा असा हसला की पलीकडच्या दुकानदाराने मान बाहेर काढली.

"मी अजून ठरवलं नव्हतं बघा कुणाला द्यायचं," एक कारकून म्हणाला. "पण दिलगीरबाई म्हणतेय ना की पोरगी वाईट? मग ठरलं."

"अहो, हिचं ऐकून मी एकदा मुलाखत घालवली," दुसरा म्हणाला. "तेव्हापासून हिचं उलटं धरतो. कधी चूक झालेली नाही."

"उद्योगधंदे थोड्याच वेळात जात आहेत!" कॉलेजच्या एका मुलाने बाईंच्या चालीत म्हटले, आणि पुन्हा सगळे हसले. भाजीवाल्या मावशींना हसताना ठसका लागला. "मेली इतकी गोड बोलते," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "आणि एक अक्षर खरं नसतं."

आठवड्याभरात ती सूचना शहरभर झाली. पोर शाळेला उशिरा पोचले की म्हणे, मी थोड्याच वेळात येत होतो. नवरा-बायकोच्या भांडणात 'दिलगीर आहोत' येऊ लागले. आणि समिती? समितीचे लोक मोटारीतून थांब्यांवरून गेले. काचा बंद होत्या. माणसे स्पीकरकडे बोट दाखवून तावातावाने बोलताहेत एवढे त्यांना दिसले. "चर्चा आहे, चर्चा!" जाहिरातवाल्याने मोठ्या साहेबांना फोनवर सांगितले, आणि सूचना दुप्पट वेळा लावायला पैसे भरले. मी ते इतर उत्पन्नात धरले.

खालच्या खोलीत बाई मात्र झुरत होत्या. जेवण जात नव्हते. रोज पेपर उघडून पोरीच्या सभेला माणसे किती हे शोधायच्या आणि आकडा कमी दिसला की कपाळाला हात लावायच्या. एक दिवस सकाळी त्या वर माझ्या टेबलाशी आल्या. गळ्यात मफलर नव्हता. तेव्हाच मला कळले की काहीतरी बिनसले आहे.

झाले होते असे. बाईंचा नवरा पोरीच्या कट्टर विरुद्ध. ती आली की आपली खुर्चीसुद्धा सरकार घेऊन जाणार असे टीव्हीने त्याला पटवले होते. आदल्या संध्याकाळी बाई त्याच्यापुढे रडल्या, की माझ्या सूचनेमुळे ती बिचारी पडणार. यावर नवरा गुडघे विसरून उभा राहिला.

"तुझ्यामुळे पडणार? अगं, तुझ्यामुळे निवडून येणार आहे ती! बंद कर ती सूचना. बुडवलंस आम्हाला!"

"म्हणजे हो?"

"म्हणजे काय? तू गाडी येतेय म्हणालीस की लोक रिक्षा बघायला लागतात. दुकानात मला उशीर झाला की मी मालकाला सांगायचो, बायको म्हणाली गाडी येतेय. सगळं दुकान हसायचं!"

"आणि इतकी वर्षं मला सांगितलं नाहीत?"

"कशाला सांगू? दोन वेळचं गरम मिळत होतं."

हे सांगून बाईंनी मला विचारले. "खरं का, भाऊसाहेब?"

"खरं आहे," मी म्हणालो.

"तुम्हीसुद्धा?"

"मी थांब्यावर असताना रस्त्याच्या टोकाकडे बघतो. तुमच्याकडे लक्ष नसतं."

त्या समोरच्या स्टुलावर बसल्या. "म्हणजे पोरगी पडणार नाही," त्या म्हणाल्या, आणि चेहऱ्यावरचे ओझे उतरल्यासारखे झाले. ते फार वेळ टिकले नाही. "आणि मी काचेतून बघायचे, भाऊसाहेब. सगळे माना वर करायचे." त्यांनी खाली मान घातली. मी त्यांना जुन्या हुकुमाचे सांगितले तशा त्या वाहतूक खात्यात गेल्या, तो हुकूम भिंतीवर लावलेला होता तो उभ्या उभ्या वाचला आणि खाली निघून गेल्या.

पोरगी निवडून आली. बाईंच्या आवाजाने आली असे मी म्हणणार नाही. हिशेबाच्या माणसाने एकाच रकमेवर सगळा ताळेबंद बसवू नये. पण समितीने जे जे केले त्यातले हे सगळ्यात हास्यास्पद होते आणि तेच लोकांच्या लक्षात राहिले.

निकालानंतरचे दिवस फार शिकवून जातात. समितीचे अध्यक्ष प्रकृतीसाठी परगावी गेले. ज्या पेपरांनी पोरीचे आजोबा खणून काढले त्यांनी तिच्या साधेपणावर पुरवणी काढली. आमचे मोठे साहेब सोमवारी चक्क बसने कामावर आले. कुठे उतरायचे ते माहीत नसल्यामुळे एक थांबा पुढे गेले आणि घामाघूम होऊन परत चालत आले. जेवणाच्या खोलीतल्या त्या अधिकाऱ्यांनी फुकट बसमागचा उदात्त विचार आम्हाला समजावून सांगितला.

विजयाच्या सभेत नव्या महापौरांनी बसथांब्यावरच्या आवाजाचे गमतीने आभार मानले आणि हशा झाला. मोठ्या साहेबांनी हशा ऐकला आणि त्यांच्या डोक्यात दिवा पेटला. त्यांनी बाईंना आणि मला बोलावले. या वेळी बाईंना बसायला खुर्ची दिली.

"बाई, ते तुम्ही मुद्दाम तसं वाचलंत. बरोबर ना?"

"कसं?"

"कुणाला पटू नये असं. माझ्यावर वरून दडपण होतं. उघड नाही म्हणता येत नव्हतं. म्हणून मी तुम्हाला खूण केली आणि तुम्ही ती ओळखलीत. आपण दोघांनी आतून लढा दिला."

"तुम्ही खूण नव्हती केली," बाई म्हणाल्या. "तुम्ही यंत्र दाखवलं होतं."

"तीच खूण!"

मी खिडकीबाहेर बघितले. हसू आवरायला दुसरी जागा नव्हती.

साहेबांनी खणातून आदेश काढून टेबलावर ठेवला. बाईंना कायम केल्याचा. सही केलेली होती, फक्त तारीख घालायची बाकी. "गुरुवारी महापौर स्थानक बघायला येताहेत. त्यांच्यापुढे एवढंच म्हणायचं, की साहेबांनी सांगितल्याप्रमाणे मी मुद्दाम तसं वाचलं. लगेच तारीख घालतो."

जिन्यात मी बाईंना म्हणालो, "म्हणून टाका. एक वाक्य आहे. आजवर किती खोटी वाक्यं म्हणालात, त्यात आणखी एक."

"ती खोटी आहेत हे मला ठाऊक नव्हतं," बाई म्हणाल्या. पुढच्या पायरीवर त्या पुन्हा थांबल्या. "आणि मुद्दाम वाईट वाचलं म्हणू? जन्मात इतकं चांगलं वाचलं नव्हतं मी."

गुरुवारी महापौर आल्या. बसनेच आल्या, म्हणून उशिरा आल्या. बरोबर उत्साही तरुण मंडळी, हातात कॅमेरे. त्यातल्या एकाने आल्या आल्या बाईंना मिठीच मारली. "तुम्ही आमच्या हिरो आहात, आजी!" आजी म्हटलेले बाईंना आवडले नाही. जाहिरातवाला आणि हा मुलगा यांच्यात मला त्या क्षणी मोज्यांपलीकडे फारसा फरक दिसला नाही.

महापौरांचा आवाज भाषणे करून पार बसला होता. त्या खोकल्या तसे बाईंनी थर्मासमधले कोमट पाणी त्यांना कपात ओतून दिले. "थंड पिऊ नका. आणि कुजबुजू नका, कुजबुजण्यानं गळा जास्त जातो." महापौर मुकाट्याने पाणी प्यायल्या.

मोठ्या साहेबांनी छोटे भाषण केले. दडपण, खूण, आतला लढा. आदेश त्यांच्या हातात होता, अर्धा उघडलेला, बाईंना दिसेल असा.

"खरंच मुद्दाम तसं वाचलंत, ताई?" महापौरांनी विचारले. कॅमेरे बाईंकडे वळले. जिन्याखालच्या त्या खोलीत आम्ही दाटीवाटीने उभे होतो.

"नाही," बाई म्हणाल्या.

साहेब खोकले. त्यांना कुणी कोमट पाणी दिले नाही.

"मत तुम्हाला दिलं," बाई पुढे म्हणाल्या, "पण वाचलं मन लावून. मला कायम व्हायचं होतं. साहेबांनी खूण वगैरे काही केली नव्हती."

मिठी मारणाऱ्या मुलाने कॅमेरा खाली घेतला. हिरो बिघडली होती.

महापौरांनी कप खाली ठेवला. त्यांना राग आला की नाही ते मला कळले नाही. "मग लोकांना पटलं का नाही?"

"कारण मी त्यांना रोज फसवते. मला चिठ्ठी येते, मी वाचते. गाडी डेपोत उघडी पडली असली तरी चिठ्ठीवर येतेयच असतं. तसा हुकूम आहे. वर भिंतीवर लावलाय, बघून या."

महापौरांनी मोठ्या साहेबांकडे बघितले. साहेबांचा हात आदेशासकट हळूच कोटाच्या खिशात गेला. तो कागद मी त्यानंतर पुन्हा बघितला नाही.

"तुम्हाला काय हवंय?" महापौरांनी विचारले.

"कायम करा म्हणणार होते," बाई म्हणाल्या. त्यांनी माइकवरची लोकरीची टोपी उगाच सारखी केली. "ते तुमच्या रीतीनं व्हायचं तेव्हा होऊ दे. चिठ्ठीवर मात्र खरं लिहून येऊ दे. गाडी नसेल तर नाही म्हणू दे मला."

"उद्यापासून," महापौर मोठ्या साहेबांना म्हणाल्या.

"उद्यापासून कशाला, आजपासून!" साहेब उत्साहाने म्हणाले आणि माझ्याकडे बघितले, जणू खरे बोलण्याचा खर्च कुठल्या सदरात पडेल ते मी सांगणार होतो.

बाईंचा प्रस्ताव आता नव्या मंडळींच्या समितीपुढे आहे. बैठक पुढे ढकलण्यात नवी मंडळी जुन्यांच्या जवळपास पोचली आहेत. बाई अजून करारावर आहेत, यंत्र अजून खोक्यात आहे, साहेब अजून खुर्चीत आहेत. जाहिरातवाला महापौरांच्या पाळणाघरांची जाहिरात करतो, आणि तिथेही त्याने पाहणी केली आहे असे ऐकतो.

भिंतीवरचा जुना हुकूम काढून टाकला त्याच्या दुसऱ्या सकाळी मी थांब्यावर उभा होतो. नेहमीचीच मंडळी. स्पीकर खरखरला आणि बाईंचा आवाज आला. या वेळी तो पायऱ्या उतरला नाही, सरळ चालला.

"सात नंबरची गाडी रद्द झाली आहे." तो शब्द त्यांनी माइकवर पहिल्यांदाच उच्चारला असावा, थोडा अडखळला. "गाडी डेपोत नादुरुस्त आहे. पुढची गाडी बऱ्याच उशिराने येईल. ज्यांना चालत जाणे शक्य आहे त्यांनी चालत जावे."

थांब्यावर एकदम हालचाल झाली. नर्सने पर्स खांद्याला लावली, कारकुनांनी पिशव्या उचलल्या आणि सगळे पुढे सरकून रस्त्याच्या कडेला उभे राहिले.

"रद्द म्हणतेय!" नर्स म्हणाली. "म्हणजे आलीच समजा."

"अहो, खरंच येणार नाही," मी म्हणालो. "आता बाई खरं सांगतात. मला माहीत आहे, मी तिथलाच आहे."

नर्सने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "तिच्याच हापिसातले ना तुम्ही, काका?" एवढे बोलून तिने तोंड पुन्हा रस्त्याच्या टोकाकडे केले.

मी चालायला लागलो. कोपऱ्यावर मागे वळून पाहिले तर सगळ्या माना एकाच दिशेला ताणलेल्या होत्या. फक्त भाजीवाल्या मावशी टोपली डोक्यावर घेत होत्या. त्या माझ्या मागोमाग आल्या, भरभर, थोड्या चिडलेल्या.

"चला, तुमच्या बाईवर विश्वास ठेवते आज," त्या म्हणाल्या. "पण मागून बस गेली ना, काका, तर याद राखा."

मंडईपर्यंत त्या दर थोड्या अंतरावर टोपली सावरत मागे वळून बघत होत्या. मीही बघत होतो. बस गेली नाही.